सहावी पावती

पहिल्या सेमिस्टरला टायर गेले.
दहातले चार बरे होते, ते पेडण्याच्या चिरेखाणवाल्याने नेले,
उरलेले सहा उसगावच्या मौलालीने, किलोवर.
खिडकीतल्या बेर्नादेतबाईंनी नोटा मोजल्या,
वर न बघताच विचारलं, मुलगा कुठल्या वर्गात?
मी म्हटलं, वर्ग पहिलाच. मुलगा नाही, मी.
त्यांनी चष्मा काढला.
पावती मात्र न चुकता फाडली.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर वयाची चौकट होती,
पंचविसाच्या आतल्यांसाठी.
पंचविसाव्या वर्षी मी आमोण्याच्या धक्क्यावर
दिवसाला सात खेपा टाकत होतो.
तेव्हा कुणी फॉर्म दिला असता
तर त्यावर भजी घेऊन खाल्ली असती.

दुसऱ्याला बॅटरी आणि डिझेलची टाकी.
तिसऱ्याला हौदा.
हौदा कापायला दोन दिवस लागले.
गॅसकटरच्या ठिणग्या फणसाच्या बुंध्यावर उडत होत्या
आणि सुकांती पोरसातून ओरडत होती,
शिकायचं ते शीक, झाड जाळू नको.
ती डिचोलीच्या कारखान्यात औषधाच्या गोळ्या पाकिटात भरते.
घर तिच्या पगारावर, फी टिपरवर,
हे आमचं ठरलं होतं, एका जेवणात, न भांडता.
बँकेचं कर्ज फिटलं तेव्हा टिपर माझा झाला,
आणि माझा झाला तेव्हा
खाणी बंद होऊन तो चार पावसाळे जागचा हलला नव्हता.

आमोणकर मॅडम माझ्याहून एकोणीस वर्षांनी लहान.
पांढऱ्या खरबरीत फरशीच्या तुकड्यावर घासायला
काळा दगड हातात घेऊन त्यांनी विचारलं,
हेमटाइटची रेघ कसल्या रंगाची?
पोरं पुस्तक चाळू लागली.
मी म्हटलं, लाल. संध्याकाळी नाक शिंकरलं की
रुमालावर येते तशी.
पोरं हसली.
मॅडमनी दगड घासला, फरशी वर धरली,
आणि पुढच्या तासाला आठवणीने
माझ्यासाठी एक तुकडा घेऊन आल्या.

अठरा वर्षं मी जे ओढलं
त्याला नाव होतं, कुळी होती,
वय होतं दोनशे कोटी वर्षांपलीकडचं.
मला ठाऊक होते फक्त टन, आणि खेपेचा दर.
खरं सांगतो, त्या दिवशी राग आला मला.
कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

चौथ्याला इंजिन.
इंजिनाचं लिहीत नाही.

पाचव्याला गिअरबॉक्स, दोन्ही आरसे, स्टिअरिंग.
स्टिअरिंग निघालं आणि मांडीवर पुस्तकापुरती जागा झाली.
रात्री घरात टीव्ही असतो, म्हणून मी कॅबिनमध्ये बसतो,
पडवीतून ओढलेल्या वायरवर एक बल्ब,
डॅशबोर्डवर शांतादुर्गा, तिच्या पायाशी वही.
अवघड पान आलं
की डावा पाय अजून क्लच शोधतो.

आता सहावी.
सोमवारपर्यंत भरली नाही तर हॉलतिकीट नाही.
उरलंय ते कॅबिन, खाली चेसिस.
मौलाली आला, दार उघडून-लावून बघितलं,
पत्रा बोटाने वाजवला,
भाव बरा बोलला.
मी म्हटलं, पैसे आज दे, माल पेपर झाल्यावर ने.
शेवटचा एकोणतीसला आहे.

असला व्यवहार त्याने जन्मात केला नव्हता.
बल्बकडे बघितलं, वहीकडे बघितलं,
मग वाकून खाली, चाकांच्या जागी रचलेल्या चिऱ्यांकडे.
पळून पळून जाणार कुठे, म्हणाला,
हा तरी, आणि तू तरी.
खिशातून खडू काढला,
दारावर तारीख घातली, रक्कम घातली,
आणि सही करायला
खडू माझ्या हातात दिला.